पायलटचा हेडसेट आणि गॉगल: दोन्ही एकत्र घातल्यावर कान का दुखतात आणि त्यावर उपाय काय?

माझी मामेबहीण पायलट व्हायचं शिकतेय. तिचं ट्रेनिंग सुरू झालं तेव्हा मी मोठ्या हौसेने तिला एक गॉगल भेट दिला. जाड काळी फ्रेम, रुंद काड्या, काचा पोलराइज्ड. दुकानदार म्हणाला, "एकदम टॉपचा पीस आहे सर," आणि मी पैसे देऊन मोकळा झालो. पायलट म्हटलं की गॉगल आलाच, त्यात विचार कसला करायचा?

दोन महिन्यांनी एका रात्री तिचा फोन आला. "दादा, गॉगल भारी आहे रे, पण हेडसेट लावला की वीस मिनिटांत कानाच्या वर असं ठणकायला लागतं की काही सुचत नाही." नुसतं दुखतंय म्हणून तिने फोन केला नव्हता. त्या दिवशी उडताना दुखणं सहन झालं नाही म्हणून तिने एका बाजूचा इअरकप कानावरून थोडा सरकवला होता. नेमकी त्याच वेळी टॉवरकडून तिला सूचना आली: पुढे एक विमान उतरतंय, लगेच वळू नका, सरळ पुढे जा. इंजिनाच्या आवाजात तिला ते अर्धवटच ऐकू आलं आणि ती वळायला लागली. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरांनी लगेच कंट्रोल हातात घेतले म्हणून निभावलं. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कान दुखतोय हे आधी का नाही सांगितलं?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पायलट नाही. पण गॉगल मी दिला होता, त्यामुळे हा प्रश्न माझाच होता. शिवाय मीसुद्धा रोज सात-आठ तास चष्म्यावर हेडफोन घालून बसतो, म्हणजे दुखणं ओळखीचं होतं. मग या विषयात शिरलो. जे कळलं ते इथे सविस्तर देतोय. तुम्ही पायलट नसाल, फक्त चष्मा लावून हेडफोन वापरत असाल, तरी यातलं बरंच काही तुमच्याही कामाचं आहे.

हेडसेट इतका घट्ट का असतो?

आपल्याकडे ट्रेनिंगसाठी सेसना १७२ सारखी छोटी विमानं खूप वापरली जातात. यात इंजिन अगदी समोर, पायलटच्या पायांपासून हातभर अंतरावर असतं. केबिनमधला आवाज साधारण ९० डेसिबलच्या आसपास, टेकऑफला त्याहून जास्त.

९० डेसिबल म्हणजे किती, याचा अंदाज येण्यासाठी अमेरिकेच्या निऑश या संस्थेचा हिशोब बघा. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते:

- ८५ डेसिबल: ८ तास
- ८८ डेसिबल: ४ तास
- ९१ डेसिबल: २ तास
- ९४ डेसिबल: १ तास

भारतात कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. हे २०० तास कान उघडे ठेवून काढले तर नोकरी लागायच्या आधीच ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.

म्हणून पायलटच्या हेडसेटला तीन कामं करावी लागतात. बाहेरचा आवाज अडवणं, रेडिओ आणि शेजारच्या माणसाचं बोलणं कानापर्यंत पोचवणं, आणि माइक ओठांजवळ स्थिर धरून ठेवणं. यातलं पहिलं काम होतं ते इअरकपच्या गादीमुळे. गादी कानाभोवती सगळीकडून चिकटून बसली पाहिजे, आणि त्यासाठी वरचा पट्टा चिमट्यासारखा दाब देतो. डेव्हिड क्लार्क कंपनीचा हिरवा एच१०-१३.४ हा हेडसेट जगभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये दिसतो. त्यात कुठलंही इलेक्ट्रॉनिक नॉइज कॅन्सलिंग नाही, तरी त्याचं रेटिंग २३ डेसिबल आहे. हे सगळं फक्त कप, गादी आणि दाब यांच्या जिवावर.

म्हणजे घट्टपणा हा डिझाइनमधला दोष नाही, तेच त्याचं काम आहे. अडचण सुरू होते ती गादी आणि डोकं यांच्यामध्ये चष्म्याची काडी आली की.

काडी नेमकं काय बिघडवते?

दोन गोष्टी, आणि दोन्ही एकाच वेळी.

१. दाब एका रेषेत येतो. शाळेतलं सूत्र आठवा: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. गादी नुसती असते तेव्हा पट्ट्याचा जोर कानाभोवतीच्या सगळ्या भागावर वाटला जातो. मध्ये ४-५ मिलिमीटर जाडीची कडक काडी आली की त्यातला बराचसा जोर त्या एका रेषेवर येतो. कानाच्या वर कातडी पातळ असते आणि खाली लगेच हाड. त्यामुळे तिथे ठणका लागतो आणि पुढे डोकं दुखायला लागतं. डोक्यावर बाहेरून दाब पडल्यामुळे होणारी डोकेदुखी हा प्रकार डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही आहे. "तुला सवय नाही म्हणून दुखतंय" असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

२. फट पडते. काडीच्या वर आणि खाली गादी डोक्याला टेकत नाही. तिथे बारीक फटी राहतात आणि त्यातून आवाज आत शिरतो. जास्त करून खर्जातला आवाज. छोटा हिशोब करू. सेसना १७२ चं इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे. पंख्याला दोन पाती, म्हणजे सेकंदाला ८० ठोके. ८० हर्ट्झचा हा घरघराट आहे, आणि अशा आवाजाला आत यायला छोटी फटही पुरते.

आता साखळी बघा. फटीतून आवाज येतो, म्हणून पायलट रेडिओचा व्हॉल्यूम वाढवतो. कानावर दोन्हीकडून मारा होतो. दुखतं म्हणून तो कप सरकवतो, फट आणखी मोठी होते, आणि शेवटी महत्त्वाची सूचना हुकते. माझ्या बहिणीचं नेमकं हेच झालं.

मग नॉइज कॅन्सलिंगचा हेडसेट घेतला तर?

उपयोग होतो, पण काडीचा प्रश्न पूर्ण सुटत नाही.

हे तंत्र आता तुमच्या-आमच्या हेडफोनमध्ये असलं तरी त्याची गोष्ट विमानातच सुरू होते. १९७८ मध्ये अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने चालले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये घरघराटामुळे गाणं धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. (अमर बोस यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक होते, ते अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले.) १९८९ मध्ये बोस कंपनीचा नॉइज कॅन्सलिंग असलेला पायलट हेडसेट बाजारात आला.

काम असं चालतं: कपाच्या आत एक छोटा माइक असतो. तो आत आलेला आवाज मोजतो, सर्किट त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करतं, आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. खर्जातल्या घरघराटावर हे छान चालतं. म्हणजे काडीच्या फटीतून जो आवाज येतो, त्यातला बराचसा सर्किट निस्तरतं. हलका दाब ठेवूनही भागतं, म्हणून असे हेडसेट सहसा कमी घट्ट असतात.

पण फट मोठी असेल तर सर्किटही थकतं. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर मेमरी लीक तशीच ठेवून रॅम वाढवल्यासारखं आहे. काही काळ चालेल, पण लीक बंद करणं जास्त स्वस्त आणि जास्त पक्कं. शिवाय हे हेडसेट लाखाच्या घरात जाऊ शकतात. शिकणाऱ्या पोराला आधीच ट्रेनिंगचा खर्च काय कमी असतो?

घरी करून बघा: फट आहे का?

१. चष्मा किंवा गॉगल घालून त्यावर कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा. गाणं लावू नका.
२. पंखा फुल स्पीडवर ठेवून त्याच्याजवळ बसा.
३. दोन्ही तळव्यांनी इअरकप हलकेच आत दाबा. आवाज एकदम कमी झाला तर समजा फट आहे.
४. आता हेडफोन न काढता चष्मा पुढे ओढून काढा आणि फरक ऐका.

माझ्या जाड फ्रेमच्या चष्म्यावर हा फरक इतका स्पष्ट होता की मी दोनदा करून बघितलं. पायलटही विमान जमिनीवर उभं असताना इंजिन चालू करून हीच दाबून बघायची चाचणी करू शकतो.

काडी कशी असावी?

गॉगल घेताना आपण काच आणि ब्रँड बघतो. हेडसेटसाठी घ्यायचा असेल तर आधी काडी बघा.

- पातळ आणि चपटी. जाडी म्हणजे डोक्यापासून बाहेरच्या बाजूला काडी किती येते ते. धातूच्या काड्या एक-दीड मिलिमीटरमध्ये मिळतात. प्लॅस्टिकच्या फॅशन फ्रेम त्याच्या तिप्पट-चौपट असतात.
- सरळ. कानामागे आकड्यासारखी वळणारी काडी गादीखाली दोन ठिकाणी रुतते. अमेरिकी सैन्यातल्या वैमानिकांसाठी सरळ काडीचे गॉगल बनले, त्यांना बायोनेट काडी म्हणतात. हेल्मेट किंवा हेडसेट न काढता गॉगल समोरून आत सरकवता आणि बाहेर काढता येतो.
- लवचीक. डोक्याच्या आकाराप्रमाणे वाकणारी काडी कडक काडीपेक्षा कमी टोचते. फ्लाइंग आइजसारख्या काही कंपन्या खास हेडसेटखाली घालायला अशा पातळ, लवचीक फ्रेम बनवतात. मात्र भारतात त्या महाग पडतात.
- डिझाइन नसलेली. काडीवर धातूचा लोगो, नक्षी, जाड बिजागरी नको. हात फिरवून बघा, बोटाला जे लागतं ते तासाभराने डोक्याला लागणारच.

आणि प्रसिद्ध एव्हिएटर गॉगलचं काय? रे-बॅनचा एव्हिएटर १९३७ मध्ये बाजारात आला. काचेचा थेंबासारखा आकार यासाठी की पायलटने खाली मीटरकडे बघितलं तरी डोळा झाकलेला राहावा. तारेसारख्या पातळ काड्यांमुळे तो जाड प्लॅस्टिकपेक्षा बराच बरा. पण नेहमीच्या मॉडेलची काडी कानामागे वळते, तेवढं लक्षात ठेवा.

काच कोणती? इथे मी दुसरी चूक केली होती

पोलराइज्ड काच रस्त्यावर, समुद्रावर मस्त. विमानात नको. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए पायलटना पोलराइज्ड काच वापरू नका असंच सांगते. कारणं तीन:

- विमानातले काही डिजिटल डिस्प्ले अंधूक किंवा काळे दिसतात.
- विमानाच्या पुढच्या काचेत पट्टे, डाग दिसायला लागतात.
- दुसऱ्या विमानाच्या पंखावरून येणारी चकाकी पोलराइज्ड काच गाळून टाकू शकते. आकाशात दुसरं विमान दिसतं ते बऱ्याचदा त्या चकाकीमुळेच.

तुमचा गॉगल पोलराइज्ड आहे का हे फोनवर तपासता येतं. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा, गॉगल घाला आणि फोन हळूहळू उभ्याचा आडवा करा. मध्येच कुठे स्क्रीन काळी पडली किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर काच पोलराइज्ड आहे. काही नव्या फोनच्या स्क्रीनवर हा परिणाम दिसत नाही, तेव्हा लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघा आणि मान तिरकी करा. आता विचार करा, बरेच पायलट नकाशासाठी आयपॅड वापरतात. ऐन गरजेच्या वेळी तोच काळा दिसला तर?

उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक काचही इथे फसवते. ती काळी होते अल्ट्राव्हायोलेट किरणांमुळे, आणि विमानाची काच त्यातले बरेच किरण अडवते. म्हणून कॉकपिटमध्ये ती पुरेशी काळी होत नाही.

मग घ्यायची कोणती? राखाडी, राखाडी-हिरवी किंवा तपकिरी, साधी काच, साधारण १५ टक्के प्रकाश आत सोडणारी. दुकानात "कॅटेगरी ३" मागा, त्यात ८ ते १८ टक्के प्रकाश येतो. कॅटेगरी ४ घेऊ नका, ती फारच गडद असते. धावपट्टीजवळचे पापी दिवे लाल-पांढऱ्या रंगावरून सांगतात की विमान फार वर आहे की फार खाली, म्हणून रंग बदलून दाखवणारी निळी-गुलाबी काच नको. आणि अल्ट्राव्हायोलेट संरक्षण हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दर १,००० मीटर उंचीला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात.

हेडसेटच्या बाजूने काय करता येईल?

गॉगल बदलण्याआधी हे फुकटचे किंवा स्वस्तातले उपाय करून बघा.

१. गादी तपासा. फोमची गादी वापरून वापरून कडक आणि चपटी होते. बोटाने दाबून सोडा, हळूहळू वर यायला हवी. ती भेगाळली असेल तर बदला. जेलची गादी काडीभोवती जास्त नीट बसते, पण थोडी जड आणि उन्हात गरम असते.
२. उंची जुळवा. कप फार वर असला की सगळा जोर काडीवर येतो. दोन्ही बाजूंनी कान कपाच्या बरोबर मधोमध येईल असं करा.
३. काडी किंचित वर उचला. कानाच्या मुळावर रुतत असेल तर दोन-तीन मिलिमीटर वर घ्या. तासाभराच्या उड्डाणात जागा थोडी बदलत राहिली तरी आराम पडतो.
४. फोमचे तुकडे. काडीवर चढवायचे छोटे फोमचे पॅड मिळतात. फटही बुजते, दाबही वाटला जातो.
५. पट्ट्याचा ताण. स्टीलच्या पट्ट्याचा हेडसेट रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला तर जरा सैल होतो. थोडं थोडं करा आणि दर वेळी दाबून बघायची चाचणी घ्या. जास्त सैल झाला तर आवाज आत येणारच. अकादमीचा हेडसेट असेल तर विचारल्याशिवाय असं काही करू नका.
६. केस आणि टोपी. गादीखाली केसांचा पुंजका आला तरी फट पडते. टोपीच्या वरचं कापडी बटणसुद्धा पट्ट्याखाली टोचतं, ते काढून टाका.

नेहमी पडणारे प्रश्न

नंबरचा चष्मा असेल तर पायलट होता येतं का?
हो. चष्मा लावून ठरलेल्या पातळीचं दिसलं पाहिजे, आणि उडताना दुसरा चष्मा हाताशी ठेवावा लागतो. नंबरचा गॉगल बनवून घेत असाल तर तोही पातळ काडीच्या फ्रेममध्येच करा.

कान न झाकणारा हेडसेट असतो का?
असतो. इअरफोनसारखा कानात बसणारा हेडसेट मिळतो. काडीवर दाबच येत नाही, पण तासन्‌तास कानात बुच ठेवणं सगळ्यांना सोसत नाही.

माझे गेमिंग हेडफोन विमानात चालतील का?
थेट नाही. छोट्या विमानात सहसा दोन वेगळ्या जाडीच्या पिना लागतात, एक ऐकायला आणि एक माइकला. शिवाय विमानातला माइक गोंगाटातून आवाज उचलण्यासाठी वेगळा बनवलेला असतो.

आम्ही पायलट नाही, आमचं काय?
चष्म्यावर हेडफोन घालून बाहेरच्या गोंगाटात व्हॉल्यूम वाढवत असाल, तर साखळी तीच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी मर्यादा सांगते. आधी फट बंद करा, मग व्हॉल्यूम आपोआप खाली येईल.

शेवटी आम्ही काय केलं?

बहिणीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो, तेही तिचा हेडसेट पिशवीत घालून. दुकानदार आधी हसला, मग त्यालाच मजा वाटायला लागली. सात-आठ फ्रेम घालून, वर हेडसेट लावून, प्रत्येक फ्रेमसोबत दहा-दहा मिनिटं बसलो. शेवटी पातळ धातूची, सरळ काडीची, साध्या राखाडी काचेची फ्रेम निवडली. मी आधी दिलेल्या गॉगलच्या निम्म्या किमतीत. हेडसेटच्या गाद्याही बदलल्या.

आता तासाभराचं उड्डाण झालं तरी ठणका लागत नाही, असं ती सांगते. पण मला जास्त बरं वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. इन्स्ट्रक्टरांनी तिला एक नियम घालून दिलाय: काही दुखलं, टोचलं तर कप सरकवायचा नाही, आधी तोंडाने सांगायचं. गॉगल कुठलाही असो, हा नियम पहिला.

आणि माझा जाड फ्रेमचा पोलराइज्ड गॉगल? तो ती स्कूटरवर घालते. तिथे तो खरंच भारी आहे.